वाट आणि वाट पाहणारा

घरातून बाहेर पडताना ‘जातो’ असे म्हणू नये, ‘येतो’ असे म्हणावे, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. लहानपणी एकदा मी चुकून ‘आजी, जातो’ असे म्हणालो, तेव्हा आजीने मला उंबरठ्यावरून परत बोलावले आणि ‘येतो’ म्हणायला लावले. त्या वेळी मला ती एक भाबडी समजूत वाटली होती. पुढे वय वाढले, डोंगरदऱ्यांतून पुष्कळ पायपीट झाली, शाळेतील मुलांना घेऊन अनेक सहली केल्या आणि मग त्या एका शब्दातले शहाणपण हळूहळू उमगत गेले. ‘येतो’ म्हणणारा मनुष्य परत येण्याचे वचन देत असतो. आणि ज्याला ते वचन दिले, तो त्या क्षणापासून त्याची वाट पाहू लागतो. जाणारा वाट चालतो, घरचा वाट पाहतो. आपल्या भाषेने या दोन्ही ठिकाणी ‘वाट’ हा एकच शब्द योजला आहे, तो काही उगीच नव्हे.

ही आठवण आज होण्याचे कारण हल्ली वारंवार कानांवर पडणारे एक वाक्य. कोणी तरुण पाठीवर पिशवी टाकून एकटाच गडावर निघतो. आई काळजीने विचारते, “अरे, सोबतीला कोण आहे?” त्यावर तो हसून म्हणतो, “लोकेशन पाठवले आहे ना तुझ्या मोबाईलवर! मी कुठे आहे ते तुला घरबसल्या दिसेल. मग काळजी कसली?” आईला मोबाईलच्या पडद्यावर नकाशा दिसतो, नकाशावर एक निळा ठिपका दिसतो, आणि तो ठिपका म्हणजेच आपला मुलगा असे ती समजते. माझे म्हणणे एवढेच आहे, की तो ठिपका म्हणजे मुलगा नव्हे. आणि तो पाहत बसणे म्हणजे वाट पाहणे नव्हे.

मुलांनो, मी जुन्या वळणाचा मनुष्य आहे, म्हणून नव्या यंत्रांना नाके मुरडतो आहे, असे मात्र समजू नका. हे यंत्र खरोखरच अद्भुत आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेच्या जीपीएस या योजनेचे उपग्रह अखंड फिरत असतात. आपल्या भारताने २०१३ पासून असे उपग्रह सोडण्यास आरंभ केला आणि त्या योजनेला ‘नाविक’ असे सुंदर नाव दिले. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि जागा सांगणारा संदेश सतत पाठवीत असतो. जीपीएसच्या उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की कोणता उपग्रह किती दूर आहे याचे गणित करून मोबाईल आपली जागा शोधून काढतो. आकाश मोकळे असेल, तर ही जागा साधारणपणे पाच मीटरच्या आत-बाहेर अचूक असते. संकटात सापडलेल्या माणसाची अशी नेमकी जागा कळली, तर शोधणाऱ्यांचे कित्येक तास वाचतात आणि एखाद्याचे प्राणही वाचतात. हे ज्याने घडविले, त्या विज्ञानाला आपण वंदनच केले पाहिजे.

परंतु वंदन करणे वेगळे आणि आंधळेपणाने विसंबणे वेगळे. आपली जागा ओळखणे हे एक काम आहे आणि ती दुसऱ्याला कळविणे हे दुसरे काम आहे. पहिले काम उपग्रहांच्या साहाय्याने होते. त्यासाठी मोबाईलने नुसते ऐकले तरी पुरते. दुसरे काम मात्र जवळपासच्या मोबाईल मनोऱ्यावाचून होत नाही. सह्याद्रीच्या दऱ्यांत, घळींत, दाट रानात हे मनोरे कोठून असणार? मोबाईलला आपली जागा पक्की ठाऊक असते. पण ती सांगायला वाहकच नसतो. पत्र लिहून तयार आहे, पण ते खिशातच राहिले, तशी त्याची अवस्था होते. शिवाय उंच कड्यांच्या कुशीत उपग्रहांचे संदेश अडतात, कातळावर आपटून वळसा घेऊन येतात, आणि पहिल्या कामातही चूक होऊ लागते. मनोऱ्याचा क्षीण संदेश धरून ठेवण्याच्या धडपडीत मोबाईलची बॅटरी भराभर संपते. म्हणजे जेथे मदतीची गरज सर्वांत अधिक, नेमके तेथेच हे साधन हात टेकण्याचा संभव सर्वांत अधिक!

हे सारे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१९ सालच्या श्रावणातील गोष्ट आहे. माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, तेव्हा महाविद्यालयात शिकत होता. अंगाने काटक, डोंगराचा नादी. एका रविवारी तो पुण्याहून मोटारसायकलने एकटाच राजगडाला निघाला. पायथ्याच्या गुंजवणे गावात एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगणात त्याने गाडी लावली, चहा घेतला, आणि ‘परत आल्यावर पिठले-भाकरी खाईन’ असे सांगून तो चोरदरवाजाच्या वाटेला लागला. दुपारी पद्मावती माचीवर पोहोचल्यावर त्याने आईला आपले लोकेशन पाठविले. देवीच्या देवळापाशी निळा ठिपका उमटला. माझी बहीण समाधान पावली.

संध्याकाळचे सहा वाजले. ठिपका देवळापाशीच होता. बहीण मनाशी म्हणाली, “पाऊस असेल, देवळात आडोशाला बसला असेल.” सात वाजले. ठिपका जागचा हलला नाही. अखेर साडेसातच्या सुमारास तिने मला बोलावून घेतले. मी चष्मा चढवून तिचा मोबाईल हाती घेतला, तेव्हा ठिपक्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेली एक ओळ मला दिसली. ती माहिती दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनंतर बदललेलीच नव्हती! बाहेर रात्र पडत होती आणि आम्ही दुपारचा मुलगा पाहत बसलो होतो. मी बहिणीला विचारले, “तो किती वाजता परत येणार होता? कोणत्या वाटेने उतरणार होता? उशीर झाला तर कोणाला कळवायचे, हे ठरले होते का?” ती रडवेली होऊन म्हणाली, “दादा, लोकेशन दिसत होते, म्हणून मी काहीच विचारले नाही.”

तिकडे काय घडले होते? दुपारनंतर गडावर दाट धुके उतरले. खाली येताना रानात भाच्याची वाट चुकली. एका ओढ्याच्या निसरड्या दगडावरून तो घसरला आणि त्याचा पाय घोट्यात मुरगळून सुजला. मोबाईलला मनोरा मिळेना. सकाळपासून छायाचित्रे काढण्यात बॅटरी निम्मी संपली होती. उरलेली मनोरा शोधण्यात संपली. पडदा काळा झाला. अंधार वाढू लागला, पाऊस कोसळू लागला, आणि तो एकटा ओल्या झुडपाखाली बसून हाका मारू लागला.

त्याला कोणी वाचविले? गुंजवण्याच्या त्या म्हाताऱ्या बाईंनी. त्यांच्या घरी नकाशा नव्हता की ठिपका नव्हता. सकाळी जाताना त्यांनी त्याला एवढेच विचारले होते, “एकलाच व्हय रं लेकरा? माघारी ह्याच वाटनं ये.” दिवेलागण झाली, तरी त्याची भाकरी झाकलेलीच राहिली आणि गाडी अंगणातच उभी राहिली. त्यांनी मुलाला हाक मारली. तो वाडीतील दोघा तरुणांना घेऊन, बॅटऱ्या आणि दोर घेऊन रानात शिरला. हाकेला ओ मिळाली. रात्री साडेनऊला त्या मुलाच्या मोबाईलवरून आम्हांला फोन आला, “पोरगं सापडलं, काळजी करू नका.” पुढे मी आभार मानण्यासाठी मुद्दाम गुंजवण्याला गेलो. “तुम्हांला संशय कसा आला?” असे मी विचारले. बाई सहज म्हणाल्या, “गाडी दारात, अन् भाकरी झाकलेली. मग माणूस गेला कुठं?”

मुलांनो, या एका वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझी बहीण त्या मुलाची आई. तिचे प्रेम काय थोडे होते? पण ती ठिपका पाहत होती, आणि ठिपक्याने तिच्या मनातील प्रश्न झोपविले होते. त्या बाई माणसाची वाट पाहत होत्या, म्हणून वेळ होताच त्यांच्या मनात प्रश्न जागा झाला. ठिपका फार तर एवढेच सांगतो, की अमक्या वेळी मोबाईल अमक्या जागी होता. मोबाईलजवळचा माणूस धडधाकट आहे की जायबंदी, विसावा घेत आहे की विव्हळत पडला आहे, हे तो सांगत नाही. ते ओळखण्याकरिता, केव्हा चिंता करावयाची आणि केव्हा हालचाल करावयाची हे आधी ठरवून ठेवलेला, जागा असलेला माणूसच लागतो.

आपल्या इतिहासात याचे एक तेजस्वी उदाहरण आहे. १६६० सालच्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत शत्रूला अडवून उभे राहिले. महाराज गडावर पोहोचताच तोफांचे आवाज होतील, तोवर खिंड सोडावयाची नाही, असे ठरले होते, असे परंपरा सांगते. ‘आम्ही सुखरूप पोहोचलो’ हे कळविण्याची ती त्या काळची रीत. तोफेचा आवाज काय, नुसता आवाजच! पण त्या आवाजाचा अर्थ दोन्ही बाजूंनी आधी ठरलेला होता, आणि तो ऐकण्यासाठी एक वीर प्राण कानांत आणून उभा होता. म्हणून त्या आवाजाला मोल आले. खूण कोणतीही असो, तोफेची असो की उपग्रहाची असो, तिचा अर्थ ठरविणारी माणसे नसतील तर ती मुकीच राहते.

याच्या उलट एक उदाहरण परदेशातले आहे. ॲरन राल्स्टन हा अमेरिकेतील एक कसलेला गिर्यारोहक. २६ एप्रिल २००३ रोजी तो यूटा राज्यातील ब्लूजॉन नावाच्या अरुंद दरीत एकटाच उतरला. आपण कोठे जात आहोत, हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. एक प्रचंड धोंडा निसटला आणि त्याचा उजवा हात धोंडा आणि कातळ यांच्यामध्ये सापडला. १२७ तास तो तेथे अडकून पडला. अखेरीस आपला हात स्वतःच कापून त्याने सुटका करून घेतली आणि तो दरीबाहेर चालत आला. त्याच्या धैर्यापुढे आपली मान लवते. पण निघण्यापूर्वी एका माणसाला आपली वाट आणि परतण्याची वेळ सांगण्यास त्याला किती वेळ लागला असता? फार तर एक मिनिट! एका मिनिटाच्या आळसाची किंमत त्याने एका हाताने मोजली. धैर्याची कसोटी लागू नये अशी व्यवस्था आधीच करून ठेवणे, यालाच शहाणपण म्हणतात.

कोणी म्हणेल, “गुरुजी, ही यंत्रांची उणीव उद्या भरून निघेल.” निघेलही. काही देशांत २०२२ पासून काही मोबाईलवरून थेट उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठविण्याची सोय झाली आहे. परंतु संदेश क्षणात पोहोचला, तरी मदत पायांनीच चालत येते. आपल्या सह्याद्रीत लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि पायथ्याच्या गावांतील लोक आपली कामे टाकून, भर पावसात, अपरात्री, दोर खांद्यावर घेऊन अनोळखी माणसासाठी कडे उतरतात. आपल्या बेपर्वाईचे ओझे त्यांच्या पाठीवर पडते आणि कधी त्यांचाही जीव धोक्यात येतो. तेव्हा ‘मी माझ्या जबाबदारीवर एकटा जातो’ हे वाक्य दिसते तितके खरे नाही. डोंगरात एकट्याचे संकट एकट्याचे राहत नाही.

शिवाय, हातात साधन आले की मनुष्य अधिक धाडस करू लागतो, हेही मी पाहिले आहे. ज्या वाटेवर एरवी पाऊल घातले नसते, तेथे ‘मोबाईल आहे ना!’ म्हणून पाऊल पडते. ज्या ढगांना पाहून मागे फिरावयाचे, त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. खिशातला मोबाईल पाय घसरू देत नाही थोडाच! तो काठीसारखा आहे. काठी जवळ असावी. पण चालावयाचे आपल्याच पायांनी आणि पाहावयाचे आपल्याच डोळ्यांनी.

मग काय, एकट्याने डोंगरात जाऊच नये? तुमच्या वयाच्या मुलांनी तर मुळीच जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मोठेपणी तुम्हांला एकांताची ओढ वाटली, तर तिला मी दोष देणार नाही. पहाटेच्या निःशब्द वाटेवर एकट्याने चालण्यात जो आनंद आहे, तो मीही अनुभवला आहे. पण त्या आनंदाची पूर्वतयारी असते. निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून घरी ठेवा: मी कोठे जात आहे, कोणत्या वाटेने चढणार व उतरणार, किती वाजता परतणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप न मिळाल्यास कोणाला कळवावे. मग ठरलेली वाट घरच्यांना न सांगता बदलू नका. पायथ्याच्या गावात कोणाशी तरी दोन शब्द बोला. ‘परत येताना भेटतो’ असे सांगा आणि परतल्यावर खरोखर भेटा. मोबाईल पूर्ण भरून घ्या, नकाशा आधीच त्यात साठवून ठेवा, आणि कागदी नकाशा वाचण्याचीही सवय करा. लोकेशन अवश्य पाठवा, पण विश्वासाच्या माणसांनाच. आणि त्या ठिपक्याखालची वेळ वाचावयास त्यांना शिकवा. संकट आलेच, तर ११२ हा क्रमांक फिरवा. इंटरनेट चालत नसेल, तेथे कधी कधी साधा लेखी संदेश जातो, तोही पाठवून पाहा.

आणि गळ्यात एक शिट्टी असू द्या. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मग एक मिनिट थांबावे, आणि पुन्हा तसेच करावे. ही गिर्यारोहकांची संकटाची खूण आहे. रात्री हीच खूण विजेरीच्या उजेडाने करता येते. चार पैशांच्या शिट्टीला मनोरा लागत नाही, बॅटरी लागत नाही. आणि हाका मारून घसा बसला, तरी ती वाजत राहते.

मी मुख्याध्यापक असताना सहलीत प्रत्येक वळणावर मुले मोजण्याचा माझा नियम होता. मुले माझ्या पाठीमागे हसत. एकदा सिंहगडाच्या चढावर बेचाळीसऐवजी एकेचाळीस भरले. सर्वजण मागे फिरलो. एक लहानगा चपलेचा अंगठा तुटला म्हणून दगडावर बसून राहिला होता. आम्हांला पाहताच त्याचा चेहरा फुलला. तो म्हणाला, “गुरुजी, मला ठाऊक होते, तुम्ही पुढच्या वळणावर मोजणार!” त्या मुलाला भीती वाटली नाही, कारण आपण कोणाच्या तरी मोजणीत आहोत, अशी त्याची खात्री होती. डोंगरातच काय, सबंध आयुष्यातही माणसाला खरी निर्भयता याच खात्रीतून मिळते.

म्हणून, मुलांनो, नवे यंत्र जरूर हाती घ्या. पण जुना शब्द सोडू नका. उंबरठा ओलांडताना आईला ‘येतो’ म्हणा, किती वाजता येतो तेही सांगा, आणि दिलेल्या वेळेला घरी या. तुमच्या वाट्याची भाकरी झाकून ठेवून कोणी तरी तुमची वाट पाहत असते, हे डोंगराच्या माथ्यावरही विसरू नका.